वर कोण होतं

वेस्ट हार्लो, ओहायो
२ मार्च १९१०

चि. गस्टी,

तुझ्या अटीप्रमाणे महिन्याचं पत्र. मुलाची खबर तेवढी कळवा, कविता नकोत, असं तू बजावलं आहेस. म्हणून खिडकीबाहेर काय दिसतं आहे ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की कॉलेजच्या टेकडीवरचा बर्फ खालून वितळू लागला आहे, आणि पाय पडला की असा पोकळ वाजतो, जणू आत कुणी... बघ, घसरलोच. पुढे जातो.

लायमन उत्तम आहे. ग्रीकचे मास्तर त्याच्यावर खूश आहेत. बीजगणितात जेमतेम. सकाळच्या चॅपलमधल्या प्रार्थनेला एकदा उशीर झाला, त्याबद्दल बोलणी खाल्ली. शनिवारी फिलुराच्या हातचा काकवी घातलेला घेवडा खायला घरी येतो आणि दोनदा वाढून घेतो. पहिल्या वर्षाच्या मुलांची ती हिरवी टोपी त्याला शोभत नाही, पण कुणाला शोभते?

आणखी एक किरकोळ गोष्ट. त्याच्या वर्गानं त्याला अध्यक्ष निवडलं आहे. मान आहे, काम असं काही नाही. वर्गाच्या मेजवानीला मधल्या खुर्चीवर बसायचं, एवढंच. फिलुरा माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि 'एवढंच' या शब्दापाशी तिनं नाक मुरडलं आहे. तुझ्या आत्याचं नाक लहानपणापासून तसंच.

तुझी अट माझ्या लक्षात आहे, गस्टी. वर्गावर्गांच्या झटापटीत लायमन सापडला, की त्याच दिवशी त्याची ट्रंक ओरेगनच्या गाडीत. आणि एडविनचं नाव मी पत्रात काढायचं नाही. पहिली अट मी पाळतो आहे. दुसरी आत्ताच मोडली, क्षमा कर.

हल्ली झोप पहाटेच उडते. मग नदीपर्यंत चालत जातो आणि परत येतो, आणि परत आल्यावर वाटतं, पुन्हा जावं.

जावई नील्सना नमस्कार. सफरचंदांच्या झाडांना कळ्या धरल्या का?

तुझे
बाबा

९ मार्च

चि. गस्टी,

महिना झालेला नसताना पत्र आलं म्हणून दचकू नकोस. सगळं शांत आहे.

लायमन आठवडाभर वसतिगृहाऐवजी आपल्याकडे झोपतो आहे. माडीवरच्या खोलीत, तुझ्या जुन्या. वसतिगृहाची शेगडी धूर करते, असं मी लिहिणार होतो. शेगडी धूर करते हे खरंच आहे.

समोरच्या मेपलखाली दोन मुलं कालपासून एक सायकल दुरुस्त करताहेत. आपल्या घराकडे तोंड करून. फिलुरा त्यांना विचारून आली, "काय रे, चाक बसत नाही का अजून? लिंबाचं सरबत आणू की सुतार आणू?" त्यातला एक उंच, देखणा पोरगा टोपी काढून म्हणाला, "बाई, चाक हट्टी आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत बसेल." नम्र वाटला. डेक्स्टर क्रेन त्याचं नाव, दुसऱ्या वर्षाचा म्होरक्या. वडील पाद्री आहेत.

 जेवताना लायमन एकदम म्हणाला, "आजोबा, तुम्ही आईला कळवलंत ना?"

"अध्यक्ष झालास ते कळवलं."

"ते नव्हे. शनिवारचं."

"लिहीन की."

"तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहितो. नाहीतर अध्यक्षपद सोडतो. चोरून काही केलेलं तिला चालत नाही."

"चोरून काय आहे त्यात?" मी म्हणालो. "मेजवानी आहे. मेजवानीला माणसं जातात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गस्टी, त्याचे डोळे तुझे आहेत. खोटं बोललेलं कळतं, पण वडील माणसाला तोंडावर म्हणायचं नाही, असे. मी त्याला सांगितलं, तुझ्या आईची समजूत घालणं माझ्यावर सोपव. तर हे पत्र म्हणजे तेच समज. पण समजूत कशाची घालायची, ते या पत्रात लिहायला मला जमत नाहीये. पेन उचलून तीनदा खिडकीशी गेलो.

हवा बदलते आहे. गिरणीच्या तळ्यावर मुलं अजून स्केट घालून घसरताहेत, पण कडेला पाणी दिसू लागलं आहे.

बाबा

१३ मार्च

गस्टी,

घाईत आहे. सगळं ठीक. लायमनला थोडी सर्दी झाली आहे, अंथरुणात आहे, म्हणून या आठवड्यात त्याचं पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. मेजवानी झाली नाही. त्याची ट्रंक माडीवर आहे तिथेच आहे.

बाबा

१५ मार्च

गस्टी,

फिलुरानं काल सकाळी मला न विचारता तुला तार केली. आधी मला म्हणाली, "दादा, सर्दी? सर्दी लिहिलीस? दोन्ही फुप्फुसांना सूज आहे असं डॉक्टर आत्ता जिन्यात सांगून गेला आणि तू सर्दी लिहितोस?" मग शाल घेतली आणि स्टेशनवर गेली. बरं केलं. तुझं उत्तर संध्याकाळी आलं: निघते आहे.

म्हणजे तू आता गाडीत असशील. हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. तू दारात आलीस की तुझ्या हातात देईन आणि बाजूला होईन. तोंडानं सांगायला गेलो तर मी हवापाण्यापासून सुरुवात करीन, हे तुला ठाऊक आहे.

या गावातला रिवाज तू विसरली नसशील. पहिल्या वर्षाची मेजवानी असते त्या दिवशी दुसऱ्या वर्षानं त्यांचा अध्यक्ष पळवायचा आणि रात्र होईतो दडवून ठेवायचा. अध्यक्ष मधल्या खुर्चीवर बसला तर पहिलं वर्ष जिंकलं, खुर्ची रिकामी राहिली तर हरलं. यंदा मेजवानी तीन मैलांवरच्या एल्मवुडच्या हॉटेलात होती. शनिवारी.

मुलांनी बेत केला होता तो असा: लायमननं दुपारी दूधवाल्याच्या गाडीत, कॅनांच्या मागे आडवं पडून एल्मवुड गाठायचं. आणि त्याच वेळी त्याच्याच चौकड्यांच्या कोटात, हिरवी टोपी कानांवर ओढून, कुणीतरी मागच्या दारानं निघायचं, म्हणजे ते मेपलखालचे सायकलवाले त्याच्यामागे लागतील. कुणीतरी म्हणजे त्यांच्यातलाच एक ठेंगणा मुलगा ठरला होता. तो ऐनवेळी घाबरला. त्यांचा चिटणीस आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून हात चोळत होता. मी म्हणालो, लायमनची आणि माझी उंची एकच आहे.

लायमनला हे माहीत नव्हतं. तो तेव्हा दूधवाल्याच्या अंगणात होता. फिलुराला माहीत होतं. तिनंच कोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "पाठ ताठ ठेव. गुडघे वाकवलेस तर घरापासूनच म्हातारा दिसशील." तिला आता ते आठवलं की ती भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा.

त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशीच धरलं. डोक्यावरून बग्गीतली घोंगडी टाकली, उचललं आणि निघाले. मी आवाज काढला नाही. आवाज काढला असता तर तिथेच कळलं असतं.

"अरे, अध्यक्षमहाराज किती हलके! नुसतं ग्रीक खाऊन जगतात वाटतं."

"ओरड की रे थोडा! लाकडासारखा पडलाय नुसता. पकडल्याची मजाच येईना."

"आईला हाक मारून बघ. ओरेगनात आहे ना तुझी आई? ऐकू जाईल, जोरात मार."

दोन मैलांवरच्या रानात, मेपलचा रस उकळून पाक करतात ना, त्या झोपडीत त्यांनी मला उतरवलं आणि घोंगडी काढली. चौघं होती. मग एक जण भिंतीला टेकला. ऑरिन टटल, नालबंदाचा मुलगा, शाळेत माझ्या हाताखाली होता. "मेलो!" तो म्हणाला. "हे तर व्हिटकॉम सर!"

"नीट उभा राहा, ऑरिन. आणि टोपी काढ."

त्यानं काढली. चौघांनीही काढल्या.

डेक्स्टर क्रेनचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, तुम्हाला लागलं का? आत्ताच्या आत्ता घरी सोडतो. आम्हाला खरंच... हा काय प्रकार आहे, सर?"

"सोड की," मी म्हणालो. "भर दुपारी मुख्य रस्त्यानं ने. दुसऱ्या वर्षानं कुणाला पळवलं ते गावाला दिसू दे."

ते एकमेकांकडे बघू लागले. ऑरिन फिसकन हसला आणि डेक्स्टरनं त्याला कोपर मारलं. "मग काय करायचं, सर?"

"तो पाक उकळतोय ना? बाहेरून स्वच्छ बर्फ आणा थाळीभर."

गस्टी, तू लहानपणी खाल्ला आहेस तसाच. बर्फावर गरम पाकाची धार, तो चिकट झाला की काडीनं गुंडाळायचा, आणि गोड फार झालं की मध्ये लोणच्यातली काकडी. त्यांच्यापाशी सगळी सामग्री होती. कैद्यासाठी आणली होती! लायमनचीही अशीच बडदास्त ठेवणार होते. मग मी त्यांना शाळेच्या चौथ्या पुस्तकातली नावाड्याच्या बायकोची कविता म्हणून दाखवायला लागलो,

दिवा खिडकीतला विझवू नको ग,
नाव अजून आहे पाण्यावर

आणि तिसऱ्या कडव्याला ऑरिननं सूर धरला, मग बाकीच्यांनी. चौघंही वेगवेगळ्या गावांतली, पण पुस्तक तेच. डेक्स्टरला शेवटचं कडवं येत नव्हतं. मी सांगितलं तसं तो ओठ हलवत मागून म्हणत होता. झोपडीभर वाफ, बाहेर थेंबाथेंबानं रस बादल्यांत पडतोय. मी सुखात होतो. हे तुला कळायलाच हवं, कारण नेमक्या त्याच वेळी लायमन पाण्यात होता.

दूधगाडीत चिटणीसानं त्याला फुशारकीनं सांगितलं, "घाबरू नकोस, तुझ्या जागी तुझे आजोबा गेलेत. काय सुरेख पळवलं त्यांना!" लायमननं विचारलं, "कुणी धरलं? किती जण होते? अंगावर पडले का ते?" चिटणीसाला माहीत नव्हतं. लायमन चालत्या गाडीतून उडी टाकून घराकडे निघाला. रस्त्यानं वळसा पडला असता म्हणून त्यानं गिरणीच्या तळ्यावरून वाट काढली. मधोमध बर्फ फुटला. मागून धावत आलेल्या मुलांनी कुंपणाचा वासा टाकून त्याला ओढून काढलं, ओल्या कपड्यांत घरी आणलं.

त्यानं असं का केलं ते तुला मी सांगायला नको. घरात एडविनचं नाव काढायचं नाही असं आपण ठरवलं, पण मुलाला मामा होता आणि तो कसा गेला, हे मुलाला कुठून तरी कळतंच.

आत्ता तो झोपला आहे. श्वासाबरोबर छातीत घरघर होते. मी जिन्यात बसून लिहितो आहे. आत बसलो की उठावंसं वाटतं, बाहेर आलो की आत जावंसं वाटतं.

१८ मार्च

गस्टी, ताप आज सकाळी घामाबरोबर उतरला. डॉक्टर म्हणाला, आता धोका नाही. हे आधी वाच. थांब थोडी, बस, आणि मग पुढचं वाच.

काल कॉलेजच्या सभागृहात चौकशी होती. कॉलेजचे अध्यक्ष डॉक्टर प्रेंटिस आणि पाच प्राध्यापक. मुलांना विचारून झालं होतं. दुसऱ्या वर्षातल्या एकेकाला विचारलं, गल्लीत कोण होतं? प्रत्येकाचं एकच उत्तर: सांगू शकत नाही, सर. पहिल्या वर्षालाही विचारलं. सांगू शकत नाही, सर. एकमेकांना बुडवायला टपलेले दोन वर्ग, पण या एका बाबतीत सख्खे भाऊ. कुणा मुलाचं नाव बाहेर घ्यायचं नाही, हा इथला धर्म आहे.

डॉक्टर प्रेंटिस मला म्हणाले, "व्हिटकॉम, चेहरे पाहिलेत ते फक्त तुम्ही. नावं मिळाली तर तेवढ्यांनाच शिक्षा. नाही मिळाली तर दोन्ही वर्गांचे पदाधिकारी वर्षभर घरी."

दोन्ही वर्गांचे. म्हणजे लायमनही.

मी सभेला निघालो तेव्हा लायमनला ताप होता, पण शुद्ध होती. माझी बाही धरून म्हणाला, "आजोबा, नावं नका सांगू."

"तुला घरी पाठवतील."

"पाठवू देत. तुम्ही सांगितलंत तर मी इथे राहिलो काय आणि गेलो काय, सारखंच. नातवासाठी विकलं म्हणतील."

"डेक्स्टरनं मला काही केलं नाही, बाळ. लोणचं दिलं."

"मग तर नकाच सांगू!"

मी टेकडी चढत होतो तेव्हा काय ठरवलं होतं म्हणशील, तर काही नाही. मुलं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. हिरव्या टोप्या एकीकडे, दुसऱ्या वर्षाची दुसरीकडे. सगळ्यांनी मला नमस्कार केला. इतका मान मला या टेकडीवर कधी मिळाला नव्हता. ते मला आपला समजत होते.

आणि त्या दोन रांगांमधून जाताना तू दिसलीस. चौदा वर्षांची. एडविनची शवपेटी बैठकीत ठेवली होती आणि तू दारात उभी होतीस. त्या वर्षी झटापट काठीसाठी होती. दोन्ही वर्ग एका काठीवर तुटून पडले, ढीग झाला, शिट्टी झाल्यावर सगळे उठले आणि तळचा एडविन उठला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला तू एकच विचारत होतीस, "वर कोण होतं?" रडत नव्हतीस, ओरडत नव्हतीस, वाट विचारावी तसं. "वर कोण होतं?" ती मुलं टोप्या हातात धरून खाली बघत. सांगू शकत नाही. सव्वीस वर्षं झाली. ते सगळे आता वकील, पाद्री, बँकवाले झालेत. तू म्हणाली होतीस, "मला कुणाला फाशी द्यायचं नाही, बाबा. एकानं तरी नाव सांगावं." आणि एवढ्यासाठी तू आमच्यापासून गाडी जाईल तितक्या लांब गेलीस.

मी सभागृहात म्हणालो, "लिहून घ्या. पहिलं नाव हायरम व्हिटकॉम. कोट मीच चढवला, कुणी सांगितलं नव्हतं, आणि नातवाला कळू दिलं नाही. दुसरं डेक्स्टर क्रेन. तिसरं ऑरिन टटल." मग बाकीची दोन. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता याचंच मला नवल वाटलं.

एक प्राध्यापक म्हणाले, "तुमचं नाव आमच्या पटावर नाही हो," आणि थोडे हसले. मला हसू आलं नाही.

त्या चौघांना शरद ऋतूपर्यंत घरी पाठवलं. डेक्स्टर आणि ऑरिन बाहेर बाकावर बसले होते. ऑरिननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डेक्स्टर उठून उभा राहिला. सवयीनं उठला असावा. टेकडी उतरताना वाटेवर तीच मुलं होती. सगळ्यांनी पाठी फिरवल्या, दोन्ही वर्गांनी, एकदम. कवायत बसवल्यासारखी.

लायमनला मीच सांगितलं. ताप उतरल्यावर, सूप पिऊन झाल्यावर. तो म्हणाला, "बरं." मग भिंतीकडे वळला. अजून वळलेलाच आहे.

तू परवा पोचशील. दार उघडायला फिलुरा येईल. मी आतल्या खोलीत असेन, म्हणजे तुला आधी त्याच्याकडे जाता येईल.

बाबा

७ एप्रिल

चि. गस्टी,

तुला गाडीत बसवून आलो आणि घरात आल्या आल्या लिहायला बसलो. अडीच आठवडे तू या घरात होतीस आणि आपण हवेविषयी, नील्सच्या पाठदुखीविषयी आणि फिलुराच्या घेवड्याविषयी बोललो. माझी पत्रं तू वाचलीस हे मला कळलं ते तू ती घडी घालून पर्समध्ये ठेवलीस त्यावरून. बोलणं काही झालं नाही.

डेक्स्टर निरोप घ्यायला आला त्या दिवसाविषयी लिहितो. तू त्याच्यासमोर होतीस आणि मी दाराआड, त्यामुळे तुझ्या बाजूनं ते कसं होतं मला ठाऊक नाही. माझ्या बाजूनं असं होतं.

तो खरं तर लायमनला भेटायला आला होता. दार तू उघडलंस. तो म्हणाला, "बाई, मी डेक्स्टर क्रेन. तुमच्या वडिलांना धरलं तो मी." मला वाटलं, आता तू दार लावशील.

तू म्हणालीस, "आत ये. बस. कुठे धरलंस?"

"कोटाला. मागून, कॉलरला."

"आणि पाय कुणी धरले?"

"ऑरिननं. ऑरिन टटल."

"पडले का ते?"

"नाही, बाई. मी खाली हात घातला होता."

"घोंगडी कुणी टाकली? त्यांना श्वास घेता येत होता का?"

"मीच टाकली. येत असावा... बघायला हवं होतं. बघितलं नाही."

तू विचारत राहिलीस आणि तो सांगत राहिला. कोण हाकत होता, कोण हसलं, कुणी आधी ओळखलं, कुणाच्या डोक्यातून हे निघालं. एकदाही 'सांगू शकत नाही' म्हणाला नाही. चहा तसाच गार झाला. शेवटी तो म्हणाला, "अजून काही विचारायचंय, बाई?" तू म्हणालीस, "नाही. पुरे झालं." मी फटीतून पाहिलं तर तू दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतंस आणि तो घाबरून उभा होता, टोपी कुठे ठेवावी ते न कळून. मी आत यायला हवं होतं. पाय उचलला होता, पण तेवढ्यात तू म्हणालीस, "जेवून जा," आणि मी मागे झालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू लायमनची ट्रंक खाली आणवलीस. मी अडवलं नाही; तुझी अट होती आणि मी मोडली होती. लायमन, पाय अजून लटपटत होते त्याचे, जिन्यात उभा राहून म्हणाला, "आई, इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. अध्यक्षपद गेलं. आजोबांवर मी अजून रागावलोय. पण आत्ता आलो तर पळालो म्हणतील, आणि पुढच्या वर्षीही सगळे 'सांगू शकत नाही' म्हणत बसतील."

"आणि राहून तू काय करणार?"

"कुणी विचारलं तर सांगेन."

तू ट्रंकेवर बसलीस आणि म्हणालीस, "फिलुराआत्या, याला गरम बनियन आहेत का पुरेशी?" एवढंच. इतकी वर्षं कविता वाचल्या, पण कुणाला काही मान्य करताना असं बनियनविषयी बोललेलं मी कुठे वाचलं नव्हतं.

स्टेशनवर तू मला म्हणालीस, "बाबा, पत्र लिहा. पण सगळं लिहा. सर्दी वगैरे नको." गाडी हलली म्हणून मला उत्तर देता आलं नाही. उत्तर हे आहे.

लायमन आज दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याचा वरचा ओठ फुटला होता. फिलुरानं विचारलं, तर म्हणाला चॅपलच्या पायऱ्यांवर घसरलो. ती म्हणाली, "पायऱ्यांनाही हल्ली मुठी फुटल्या वाटतं." तो हसला आणि ओठ पुन्हा वाहू लागला.

मी विचारलं, "कुणी?"

बशीतल्या बटाट्याचे त्यानं बारीक बारीक तुकडे केले. माझ्याशी तो आतापर्यंत हो आणि नाही यापलीकडे बोलत नव्हता. मग म्हणाला, "सांगितलं तर आईला लिहाल?"

"लिहीन."

"आणि बाकीचंही लिहाल? आधी हात मी उचलला, हेही?"

"तेही."

तो पाणी प्यायला. फिलुरा हातातलं फडकं तसंच धरून उभी होती.

तर, गस्टी: मुलाचं नाव मार्शल गेट्स. लायमनच्याच वर्गातला, पहिल्या वर्षाचा, चॅपलमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसतो. तो मला गावचा चुगलखोर म्हणाला आणि लायमननं पहिला ठोसा मारला. गेट्सचा डोळा काळानिळा झाला आहे, असं लायमन म्हणतो. तो मी अजून स्वतः पाहिलेला नाही.

बाबा